सोनवण्यांची गाडी पाणी पिते

सोनवणे खुर्चीत नीट बसलेले मी कधी पाहिले नाहीत. खुर्चीच्या काठाला टेकलेले पाहिले आहेत, खुर्ची उलटी करून तिचा डुगडुगणारा पाय तपासताना पाहिले आहेत, आणि एकदा आमच्याच खुर्चीवर उभं राहून पंखा उतरवताना पाहिले आहेत. तो पंखा दुरुस्त करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आले होते मुलाच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला. पत्रिका माझ्या हातात ठेवली, वर पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हा पंखा कण्हू राह्यला." पुढे साखरपुड्याबद्दल एक अक्षर बोलणं झालं नाही. मुलीचं नाव काय, कार्यालय कुठलं, हे सगळं मी ते गेल्यावर पत्रिकेत वाचलं.

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत ते राहायला आले ते वाळूजच्या एका कंपनीतून निवृत्त झाल्यावर. सगळी नोकरी त्यांनी मेंटेनन्समध्ये काढली होती. तिथं बंद पडलेलं काहीतरी सतत समोर असायचं आणि गडी खूश असायचा. निवृत्तीनंतर समोर बंद पडलेलं काही येईना, तेव्हा त्यांनी चालू असलेल्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. गल्लीतल्या कितीतरी घरांच्या घंटा, गिझर आणि मिक्सर त्यांनी 'बघू जरा' म्हणून उघडले. बहुतेक सगळे परत जोडलेही गेले, हे मात्र खरं बोललं पाहिजे.

उंच, किडकिडीत माणूस, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. चहा उभ्यानेच प्यायचे, तोही अर्धा. उरलेला अर्धा कपासकट जिथं असतील तिथं सोडून द्यायचा. आमच्या कुंपणाच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, समोरच्यांच्या स्कूटरच्या सीटवर सोनवण्यांचे कप सापडायचे. संध्याकाळी त्यांच्या पत्नी, मंदाताई, पदर खोचून बाहेर पडायच्या आणि शेळ्या गोळा कराव्यात तसे कप गोळा करत घरी जायच्या. मला त्यांचा राग यायचा. म्हणजे सोनवण्यांचा. मी शाळेत मास्तरकी केलेली बाई, एका जागी न बसणाऱ्या मुलाला कसं बसवायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. फक्त हा मुलगा साठीचा होता आणि माझ्या वर्गात नव्हता.

आमची खरी ओळख झाली ती एसीच्या पाण्यावरून. उन्हाळा सुरू झाला होता. दार वाजलं. दारात सोनवणे, हातात तेलाचा रिकामा कॅन.

"बाई, तुमच्या एसीचं पाणी कुठं जातं?"

"कुठं जाणार? नळीतून कुंडीत."

"कुंडीला कामून देता? ते लई सोन्यावाणी पाणी असतं. क्षार नाय, काय नाय. मला देत चला."

"तुम्हाला कशाला?"

"गाडीला पाजायचंय."

आता आमच्या शहराची पाण्याची तऱ्हा काय सांगायची! इथं नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात. पाण्याचा दिवस असेल तर माणसं लग्नाला उशिरा पोचतात आणि त्यांना कुणी बोल लावत नाही. अशा गावात एक माणूस कॅन घेऊन दारोदार फिरतो आणि मोटारीच्या इंजिनात ओतायला पाणी मागतो म्हटल्यावर गल्लीनं काय समजायचं? मंदाताई स्वतःच कपाळाला हात लावून सांगत, "माणसाला प्यायला नाय आन् हे गाडीला पाजू राह्यले."

मी कारण विचारलं. सोनवण्यांना कारण विचारणं म्हणजे आ बैल मुझे मार. पण त्यांनी मला ते असं समजावलं की अजून विसरले नाही.

"बाई, चाळीस पोरांच्या वर्गात ऐंशी कोंबले तर काय होतं?"

"गोंधळ."

"आन् वर्ग?"

"तापतो."

"आन् मंग?"

"एखादं कार्टं घंटेच्या आधीच पेटतं."

"बस्स! टर्बो तेच करतो. इंजनात जबरीनं हवा कोंबतो. हवा तापती, पेट्रोल वेळेच्या आधी पेटतं आन् इंजन आतून मार खातं. तिथं पाण्याचा बारीक फवारा मारला की वर्ग गार."

एवढं बोलून ते कॅन घेऊन निघालेही. जाता जाता फाटकाची कडी हलवून बघितली.

त्यांची गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी, टर्बो असलेली. बनवणाऱ्यांनी तिच्यात जेवढी हवा ठरवून दिली होती तेवढ्यावर ती गरीब गाईसारखी चालत होती, पाण्याची तिला काही गरज नव्हती. सोनवण्यांनी स्वतःच ती हवा वाढवली. मग इंजिन आतून वाजायला लागलं, पत्र्याच्या डब्यात हरभरे घालून हलवावेत तसं. आधी दुखणं ओढवून घ्यायचं आणि मग औषध शोधत गाव पालथं घालायचं, असा हा प्रकार. नाशिकला इंजिनिअर असलेला त्यांचा मुलगा एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, हवा पहिल्यासारखी करा. पाणीबिणी काही लागणार नाही."

"मंग मी दिवसभर करू काय?" सोनवणे म्हणाले. 

पाणी फवारायला पंप हवा. सोनवणे मूळचे देवगाव रंगारीचे. तिथं धाकटा भाऊ शेती बघतो. कपाशीवर फवारणी करायचा पाठीवरचा बॅटरीपंप त्याच्याकडे होता. सोनवणे एका रविवारी भावाकडे जेवायला गेले आणि येताना त्या पंपाच्या पोटातली मोटर काढून घेऊन आले. टाकी, पट्टे, नळी, सगळं जागच्या जागी ठेवलं, त्यामुळे भावाला पत्ता लागला नाही. पत्ता लागला तो कपाशीवर माव्याची कीड पडल्यावर. बिचाऱ्यानं पंप पाठीला बांधला, शेताच्या मध्यावर गेला आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर फाटकात हजर. हा शांत माणूस. ओरडला नाही, काही नाही. "दादा," म्हणाला, "मपल्या पंपाचं काळीज द्या."

सोनवणे त्याला तसाच मागं बसवून शहागंजात घेऊन गेले. तिथं सुट्या मोटरी विकणारा एक ओळखीचा दुकानदार होता. त्यानं दोघा भावांचं भांडण ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोनवणे साब, ये तो कीड़े मारने का पंप है. गाड़ी को कौनसा कीड़ा लगा?"

"गाडीला नाय, भाई. मला लागला."

हे सोनवणे स्वतः हसत हसत सांगायचे. भावाला त्या दिवशी नवी मोटर बसवून मिळाली, ती पहिलीपेक्षा जोरकस निघाली, आणि पुढे तोच भाऊ गावात सांगत फिरू लागला की दादाची गाडी फवारणीच्या पंपावर पळते.

पंप आला, डिकीत पाण्याचा कॅन बसला, हवेच्या नळीत फवाऱ्याची बारीक तोटी बसली. आता उरला एकच प्रश्न, पाणी द्यायचं कधी आणि किती. हा प्रश्न सोनवण्यांच्या डोक्यात असा शिरला की त्यांच्या तोंडी एक वाक्यच बसलं, 'लवकर दिलं तर बुडतं, उशिरा दिलं तर जळतं.' म्हणजे गाडी हळू चालली असताना पाणी दिलं तर इंजिन ठसकून बंद पडतं, आणि टर्बो जोरात आल्यावर द्यायला उशीर झाला तर आत जाळ. पण सोनवणे हे वाक्य कुठंही वापरायचे. सुनेला सल्ला, मुलांना मोबाइल, माझ्या कैरीच्या लोणच्याला तेल, सगळ्याला हेच. आमच्या समोरच्या घरातल्या आजोबांना डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या तेव्हाही त्यांनी फाटकातून हेच सांगितलं. आजोबा दोन दिवस घाबरून होते.

आधी त्यांनी साधं बटण लावलं. गाडी चालवता चालवता ते दाबायचं. हे जमेना, कारण दोन्ही हात आणि दोन्ही पाय आधीच कामाला होते. मग हवेच्या दाबावर आपोआप चालू होणारा स्विच आणला. त्याला मधलं काही कळत नव्हतं. देईल तर सगळंच पाणी, नाहीतर थेंब नाही. जालना रस्त्यावर गाडी दर पुलाच्या चढावर ठसका लागल्यासारखी करायची आणि मागून येणारे हॉर्न वाजवायचे. शेवटी पंपाचा वेग कमीजास्त करणारा एक नॉब त्यांनी आणला, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा, लांब वायर असलेला. आणि तो फिरवायला कुणीतरी पाहिजे म्हणून मंदाताईंना शेजारी बसवलं.

तिथून त्या दोघांचं आयुष्य बदललं, असं म्हटलं तर मोठं वाटेल, पण खरं आहे.

मंदाताई चाळीसगावच्या. त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, तीही डिझेल इंजिनावरची, घराला चिकटून. लहानपणी अभ्यास, झोप, जेवण सगळं त्या इंजिनाच्या आवाजात झालेलं. दळण संपत आलं की आवाज कसा हलका होतो, पट्टा सैल झाला की कसा फाटतो, हे त्यांना अक्षरांच्या आधी कळायचं. लग्नानंतर या कानांचा कुणाला उपयोग झाला नव्हता. सोनवणे कंपनीत तीन पाळ्यांत फिरणार, घरी असले तर झोपणार किंवा काहीतरी उघडून बसणार. नवराबायको मिळून कुठं गेल्याचं मंदाताईंना फारसं आठवत नव्हतं.

मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेले ती करमाडपर्यंत. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे राहते, तिला भेटायचं होतं, आणि सोनवण्यांना 'ट्रायल' घ्यायची होती. मी मागच्या सीटवर. पुढं मंदाताई, मांडीवर रुमाल, रुमालावर नॉब, डोळे गच्च मिटलेले. मला वाटलं, बाईंना गाडी लागते. पण शहर मागं पडलं, सोनवण्यांनी पाय दाबला, टर्बोची शिट्टी आली आणि मंदाताईंची बोटं हलली. अगदी थोडी, पोळी भाजताना गॅस मोठा करावा तेवढी. डिकीत पंप घुरघुरला. गाडी सरळ, गुळगुळीत वर गेली.

"कमी कर," सोनवणे म्हणाले.

"केलं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "तुम्ही बोलायच्या आधीच केलं. समोर बघा."

"जास्त झालं ना आत्ता?"

"नाय झालं."

"झालं! ठसकली ती."

"ती ठसकली नाय, तुम्ही गिअर चुकलात."

करमाड येईस्तोवर हेच. मी शाळेत इतकी भांडणं ऐकली, पण इतकं सुखाचं भांडण ऐकलं नाही. उतरताना मंदाताईंनी नॉब रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा एखाद्या पोरीसारखा झाला होता. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरातले बेत ऐकायला लागले. आज पैठण, परवा वेरूळ, सगळं ट्रायलच्या नावाखाली. गल्लीत कपही कमी सापडू लागले.

मग आली पाण्याची भानगड.

थंडी पडली, एसी बंद झाले. सोनवण्यांचा कॅन मात्र दारोदार फिरतच होता. आता आमच्याकडची रीत अशी की दारात आलेल्याला पाण्याला नाही म्हणायचं नसतं. ज्यांच्याकडे एसीचं पाणी उरलं नव्हतं, त्यांनी नाही म्हणण्याऐवजी पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते भरून दिलं. एरवी ते फरशी पुसायला वापरतात. कुणालाच त्यात गैर वाटलं नाही. पाणी ते पाणी, आणि माणूस रिकाम्या हातानं गेला नाही, यातच सगळे खूश. पण ती मशीन चांगलं पाणी आपल्याला देते आणि सगळे क्षार ह्या वाया जाणाऱ्या पाण्यात ढकलते. सोनवण्यांनी महिनाभर तेच गाडीला पाजलं.

एके दिवशी जालना रस्त्यावरच मंदाताई एकदम म्हणाल्या, "थांबवा."

"का?"

"आवाज कोरडा हाये. मी पाणी देऊ राह्यले पण ते पोचू नाय राह्यलं."

सोनवण्यांनी थांबवेस्तोवर इंजिनात हरभरे वाजलेच. बॉनेट उघडून तोटी काढली तर तिचं भोक पांढऱ्या खडूसारख्या थरानं बुजलेलं. त्या संध्याकाळी सोनवणे प्रत्येक घरी जाऊन विचारत होते, कुठलं पाणी दिलं म्हणून. सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. कुणी लबाडी केली नव्हती. समोरच्या आजी तर रडवेल्या झाल्या. "अहो, तुम्ही दारात आलात, तुम्हाला नाय कसं म्हणायचं?" माझ्या घरचं पाणी मात्र उन्हाळ्यात साठवलेलं, शेवटच्या थेंबापर्यंत एसीचंच होतं, हे मी इथं लिहून ठेवते.

इंजिन वाचलं. पण सोनवणे बिथरले. त्या रात्रीपासून त्यांना एकच दिसायला लागलं, एक डबा. डब्याला हवेचा दाब कळेल, जितका दाब तितकं पाणी तो स्वतः देईल, आणि पाणी पोचत नसेल तर लाल दिवा लावील. "माणसाच्या भरवशावर किती दिवस काढायचे?" असं ते मंदाताईंच्या देखत बोलले. बोलून पुन्हा मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघायला लागले. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. तसा मनाचा वाईट नव्हता माणूस. त्याला फक्त पुढचं दिसायचं, शेजारचं दिसायचं नाही.

मंदाताई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. मेथीची जुडी निवडायला घेऊन आल्या होत्या, पण निवडत नव्हत्या.

"बाई, डबा व्हणार का हो?"

"सोनवण्यांनी मनावर घेतलंय म्हणजे होईल."

"मंग झालंच की मपलं." त्यांनी मेथीची एक काडी नुसतीच बोटांत फिरवली. "हे मला नेतात ते नॉबसाठी नेतात. मला ठाव हाये. इतकी वर्सं कुठं नेलं? डबा झाला की मला कशाला बसवतील शेजारी? डब्याला ना साडी बदलायची, ना त्याला तहान लागायची."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते मलाच पोकळ वाटलं. मला त्या क्षणी उठून शेजारी जावं आणि सोनवण्यांना बाकावर उभं करावं असं फार वाटलं. मंदाताई ओळखून म्हणाल्या, "त्यांला काय सांगू नका बरं. सांगून नेलं तर त्याला काय चव?"

डबा सरळ झाला नाही. सोनवण्यांनी ती सगळी थंडी आणि पुढचा अर्धा उन्हाळा त्यात घातला. डायनिंग टेबल वायरींखाली गेलं, दोघं मांडी घालून जमिनीवर जेवू लागले. म्हणजे मंदाताई मांडी घालून आणि सोनवणे उकिडवे. पहिला डबा जळला. दुसरा पाणी द्यायचा, पण उशिरा. तिसरा गाडी उभी असतानाच पाणी द्यायला लागला. "हा लई घाईचा हाये," सोनवणे चिडून म्हणाले, तेव्हा मंदाताईंच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू दिसलं. नवऱ्यासारखा डबा बघून कुठल्याही बाईला हसू येईल. दर वेळी डबा फसला की त्यांना हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून वाईटही वाटायचं, असं त्यांनीच मला सांगितलं. चांगली बायको होती ती. रोज चहा ठेवायची, सोल्डरिंगचा धूर बाहेर जावा म्हणून खिडकी उघडायची आणि मनातून डबा होऊ नये म्हणायची.

चौथा डबा झाला.

चाळीसगावला मंदाताईंच्या भाचीच्या मुलीचं बारसं निघालं. मे महिना, रस्ता कन्नडच्या घाटातला. डब्याची परीक्षा घ्यायला याहून चांगलं काय मिळणार? सोनवणे हरखून गेले होते. मंदाताई मला म्हणाल्या, "तुम्ही चला बाई. न्हाय तर मी नुसती बसून काय करू?" म्हणून मी गेले. त्यांच्या गाडीतली ती माझी शेवटची फेरी. पुढे पावसाळ्यात दोघं मुलाकडे नाशिकला राहायला गेली. त्यांचं घर आता भाड्यानं दिलं आहे. तिथलं जोडपं फार शांत आहे आणि मला त्यांचा कंटाळा येतो.

जाताना घाट उताराचा, त्यामुळे डब्याला काम नव्हतं. बारसं झालं, जेवणं झाली, आणि उन्हं कलल्यावर आम्ही परत निघालो. आता सगळा चढ. मंदाताई पुढं बसल्या. मांडीवर रुमाल नव्हता, नुसते हात होते. ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. पदराचं टोक घेतलं, सोडलं, बांगड्या वरखाली केल्या. डोळे मात्र सवयीनं मिटलेले. चढ लागला तशी टर्बोची शिट्टी आली आणि माझ्या पाठीमागं डिकीत पंप आपणहून घुरघुरला. चढ वाढला की जोरात, वळणावर गाडी हळू झाली की गप्प. एकही ठसका नाही, एकही हरभरा नाही. डबा अगदी शहाण्यासारखा वागत होता आणि मला तो आवडत नव्हता.

दोन वळणं गेली. करायला काही नाही म्हटल्यावर मंदाताईंनी डोळे उघडले.

"अगं बाई!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की सोनवण्यांनी ब्रेक मारला.

"काय झालं? वाजलं का?"

"अहो, इथं दरी हाये!"

"दरी कायमचीच हाये."

"मला कुठं ठाव? मी येते तेव्हा डोळे मिटून असते आन् आधी यायचे तेव्हा लहान्या पोराला मांडीवर घेऊन त्याच्या उलट्या काढत असायचे." त्यांनी काच खाली केली. गरम वारा आत आला. "केवढी खोल हो! आन् ती झाडं बघा, खाली. बाई, बघितली का?"

मी बघितली. सोनवण्यांनी बघितली नाहीत. ते मंदाताईंच्या पायाशी बसवलेल्या डब्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत होते. मग हवेच्या दाबाच्या काट्याकडे, मग पुन्हा दिव्याकडे. हिरवा तो हिरवा. त्यांची बोटं स्टिअरिंगवर वाजायला लागली.

"आवाज ठीक हाये ना?" त्यांनी विचारलं.

मंदाताई मान बाहेर काढून मागं पडलेलं काहीतरी बघत होत्या.

"मंदा, आवाज."

"असंल ठीक."

'असंल' हे उत्तर त्या माणसाला सोसवलं नाही. पुढच्या वळणाला रस्ता जरा रुंद होता, तिथं त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरले. बॉनेट उघडलं, बंद केलं. डिकी उघडली, बंद केली. कुठंच काही बिघडलं नव्हतं. मी आतून त्यांच्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही, दया आली. ज्याच्या हाताला दोन मिनिटं काम नाही असा माणूस घाटात किती एकटा दिसतो! मग ते मंदाताईंच्या दाराशी आले. पँटच्या खिशातून त्यांनी तो जुना नॉब काढला. डब्याची एक वायर सोडवली, नॉबची लावली आणि नॉब मंदाताईंच्या मांडीवर ठेवला.

"घे."

"डबा बिघडला?"

"नाय."

"मंग?"

"डब्याला कान नाय," सोनवणे म्हणाले. "तू घे. तुझं तू कमीजास्त कर. मला कसंतरीच व्हऊ राह्यलं."

मला वाटलं, आता मंदाताई तो नॉब छातीशी धरतील. महिनोन् महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते नवऱ्यानं खिशातून काढून हातात दिलं होतं. त्यांनी नॉब उचलला, बोटांनी एकदा फिरवून पाहिला आणि सोनवण्यांच्या हातात परत दिला.

"डबा चांगला केलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्यालाच करू द्या. कामाला लई येळा नेलं मला. आज बिनकामाची न्या."

सोनवणे नॉब हातात धरून उभे राहिले. इतका वेळ ते एका जागी उभे राहिल्याचं मला माहीत नाही. मग त्यांनी खाली वाकून वायर पुन्हा डब्याला जोडली, दिवा हिरवा झाला, आणि ते आत येऊन बसले. गाडी चढायला लागली. पंप घुरघुरला, गप्प झाला, घुरघुरला. मंदाताईंनी दारावर कोपर ठेवून हनुवटी टेकवली होती.

एक वळण गेलं, दुसरं गेलं. सोनवण्यांना राहवलं नाही.

"मंदा," ते हळूच म्हणाले. "काही ऐकू येतंय का?"

"येतंय ना," त्या बाहेरच बघत म्हणाल्या. "मोर."

सोनवण्यांनी आपल्या बाजूची काच खाली घेतली.